चॅनल इलो नि गेलो : सीमेवरच्या राउटरवर मल्टिकास्टचं गाळण चुकतं तेव्हा

रात्री साडेआठला फोन येतो. पलीकडे केबलवाला. “भाऊ, चॅनल इलो नि गेलो.” मी विचारतो, किती वेळानं गेला? “चारेक मिनिटां.” एवढं ऐकलं की निम्मं निदान फोनवरच होतं. उरलेलं निम्मं करायला मात्र कधी मोटरसायकल काढावी लागते, म्हणून हे लिहून ठेवतोय.

सावंतवाडीपासून राजापूरपर्यंत छोट्या केबलवाल्यांची, एक-दोन कॉलेजांची आणि किनाऱ्यावरच्या काही हॉटेलांची नेटवर्कं मी बघतो. बिघाड बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो. दोन नेटवर्कं जिथे भेटतात त्या राउटरवर कुणीतरी ‘मल्टिकास्ट बंद’ अशी ॲक्सेस लिस्ट लावलेली असते. मल्टिकास्ट म्हणजे एकच चित्र एकदाच सोडून मागणाऱ्या सगळ्यांना पोचवणं, आणि ॲक्सेस लिस्ट म्हणजे काय सोडायचं, काय अडवायचं याची राउटरला दिलेली यादी. ती कुठून तरी उचललेली असते, आणि जिथून उचलली तिथे ती बरोबरच असते. इथे मात्र नको ते अडतं, आणि जे अडवायचं ते खुशाल आत येतं.

लक्षणं

चॅनल नीट सुरू होतो आणि चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास काळा पडतो. दुसऱ्या चॅनलवर जाऊन परत आलं की पुन्हा चार मिनिटं चालतो. हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं.

जुन्या सेट-टॉप बॉक्सवर चित्र येतं, नव्यावर येतच नाही. मग नव्या बॉक्सना दोष दिला जातो. दुकानदार ते बदलून देतो, बदललेलेही चालत नाहीत.

संध्याकाळी सातनंतर सगळंच अडखळतं. लोक चॅनल फिरवतात, पण सोडलेला चॅनल राउटर वाहवत राहतो. एक चॅनल ५ एमबीपीएसचा धरला, तर घराघरातून सोडलेल्या वीस चॅनलांचे १०० एमबीपीएस लिंकवर फुकट वाहतात. गणपतीत चाकरमानी गावी आले, प्रत्येक घरात दोन टीव्ही लागले, की हे हमखास होतं आणि ‘लोड वाढला’ म्हणून सोडून दिलं जातं.

लिस्ट लावल्यावर ३०-४० सेकंदांत ओएसपीएफचा (राउटर एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीचा) शेजारी तुटतो, किंवा एका बाजूला शेजारी दिसतच नाही आणि दुसऱ्या बाजूला तो ‘इनिट’मध्ये, म्हणजे अर्धवट ओळखीत, लटकलेला असतो.

दोन राउटर व्हीआरआरपीनं, म्हणजे एक पडला की दुसऱ्यानं काम घ्यायच्या पद्धतीनं, जोडलेले असतील तर दोघंही स्वतःला मास्टर म्हणवतात. नेट एक मिनिट चालतं, एक मिनिट थांबतं. स्विचमध्ये पाहिलं तर तोच मॅक पत्ता, म्हणजे तारेवरची यंत्राची ओळख, कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर.

आणि शेवटचं, जे क्वचित होतं पण झालं की डोकं फिरवतं: आपले सगळे चॅनल एकदम जातात, आणि राउटरला रॉन्देव्हू पॉइंट म्हणजे आरपी (चॅनल देणारे आणि मागणारे जिथे भेटतात तो राउटर) कोण हे विचारलं तर तो कुणा परक्याचाच पत्ता सांगतो.

हे असं का होतं

आपल्याकडे वाडीभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो आणि वाटेवर बेडं. गुरं आत येऊ नयेत म्हणून आडवे बांबू लावतात, पण पावसाचं पाणी जायला गडग्यात खालून वाट ठेवावीच लागते. ती बुजवली तर पहिल्या मोठ्या सरीला गडगाच कोसळतो. मल्टिकास्टमध्ये टीव्हीचं चित्र ही गुरं, आणि राउटर-राउटरांची आपसातली बोलणी हे पाणी. दोन्ही २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ याच पट्ट्यातून जातात. ‘२२४ पासून पुढचं सगळं बंद’ असा एकच नियम लिहिला की दोन्ही एकदम बुजतात.

त्यातला २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा तुकडा एकाच तारेपुरता आहे. कुठलाही राउटर तो पुढे ढकलत नाही. ओएसपीएफचे हॅलो, म्हणजे ‘मी आहे’ असे निरोप, २२४.०.०.५ वर, पिमचे (राउटर एकमेकांकडे चॅनल मागतात ती पद्धत) २२४.०.०.१३ वर, व्हीआरआरपी २२४.०.०.१८ वर. आयजीएमपी म्हणजे बॉक्सनं राउटरकडे चॅनल मागायची पद्धत; तिची सर्वसाधारण विचारणा २२४.०.०.१ वर जाते. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मला हा चॅनल हवा’ हे त्या चॅनलच्याच पत्त्यावर सांगितलं जातं, पण ‘सोडला’ हे २२४.०.०.२ वर. तिसऱ्या आवृत्तीत दोन्ही २२४.०.०.२२ वर. जुने बॉक्स दुसरी बोलतात, नवे तिसरी.

आता वरची लक्षणं परत वाचा. तो छोटा तुकडा आतल्या दिशेनं अडवला, तर जुन्या बॉक्सचं ‘हवा’ राउटरला पोचतं, ‘सोडला’ पोचत नाही: म्हणून संध्याकाळी लिंक भरते. नव्या बॉक्सचं काहीच पोचत नाही: म्हणून चित्र नाही. आणि पलीकडच्या माणसानं आपल्या स्विचच्या वरच्या पोर्टवर तोच तुकडा अडवला, तर राउटरची ‘अजून बघताय का’ ही विचारणा बॉक्सपर्यंत जात नाही, बॉक्स उत्तर देत नाही, आणि राउटर २६० सेकंद वाट पाहून चॅनल बंद करतो. विचारणा दर १२५ सेकंदांनी, दोनदा, वर उत्तरासाठी १० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद तिथून येतात. काही ब्रँड विचारणा दर मिनिटाला करतात, तिथे चॅनल आणखी लवकर जातो; पण दर वेळी तेवढ्याच वेळानं जातो, हे महत्त्वाचं. खराब फायबरमुळे जाणारं चित्र असं घड्याळ लावून जात नाही.

आधी फुकटातलं

घड्याळ घ्या, चॅनल लावा, काळा पडेपर्यंतचे सेकंद मोजा. असं तीनदा करा. तीनही आकडे जवळपास सारखे आले तर पुढे वाचा. वेडेवाकडे आले तर आधी फायबर, कनेक्टर आणि पॉवर बघा. खांबावरच्या तारेवर माडाची झावळी पडलेली असणं ही आपल्याकडची जास्त जुनी गोष्ट आहे.

मग विचारा, लाइट कधी गेली होती? हे विचारल्याशिवाय मी राउटरला हात लावत नाही. मेअखेरीस वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की हे फोन वाढतात. त्याचं कारण वीज राउटरवर पडते हे नसतं, राउटर बंद होऊन परत उठतो हे असतं. कुणीतरी मार्चमध्ये लिस्ट दुरुस्त केलेली असते आणि सेव्ह केलेली नसते. उठताना राउटर जुनीच लिस्ट घेऊन उठतो. चालू कॉन्फिग आणि साठवलेला कॉन्फिग दोन्ही काढून शेजारी ठेवा. बिघाड लाइट गेल्यानंतर सुरू झाला असेल, तर दुरुस्ती एका ओळीत मिळायची शक्यता चांगली आहे. माझ्याकडे एका गावातला हाच बिघाड एकाच पावसाळ्यात तीनदा आला. तिन्ही वेळा मीच दुरुस्त केला होता आणि पहिल्या दोन वेळा सेव्ह करायचं मीच विसरलो होतो.

सीमा खरंच तिथे आहे का

यालाही खर्च नाही. लॅपटॉप आपल्या बाजूच्या तारेला लावा, वायरशार्क (तारेवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) सुरू करा आणि दोन मिनिटं २२४.०.०.२५१ वर काय येतं ते बघा. प्रिंटर, फोन, टीव्ही एकमेकांना नावानं हाका मारतात त्या या पत्त्यावर. या हाका राउटर ओलांडूच शकत नाहीत. तेव्हा पलीकडच्या हॉटेलातला प्रिंटर तुम्हाला इकडे दिसत असेल, तर तुमच्या दोन नेटवर्कांमध्ये राउटर नाहीच; कुठेतरी कुणीतरी दोन्ही स्विच सरळ जोडले आहेत. मग ॲक्सेस लिस्ट कितीही सुंदर लिहा, पॅकेट तिच्यासमोरून जातच नाही.

हे मी हसण्यावारी नेत होतो. किनाऱ्यावरच्या एका होमस्टेवाल्यानं सीसीटीव्हीसाठी म्हणून एक जादाची केबल दोन इमारतींमध्ये टाकली आणि कुणालाच सांगितलं नाही. ती केबल सापडेपर्यंत दोन दिवस मी लिस्टमध्ये चूक शोधत होतो. केबल मिळाली ती आंब्याच्या पेट्यांमागे.

काउंटर बोलतात

बहुतेक राउटरवर ॲक्सेस लिस्टच्या प्रत्येक ओळीसमोर किती पॅकेटं तिला लागली तो आकडा येतो. आकडे शून्यावर आणा, सव्वादोन मिनिटं थांबा, परत बघा. सव्वादोन मिनिटं का, तर पिमचा हॅलो दर ३० सेकंदांनी, ओएसपीएफचा दर १० सेकंदांनी, आयजीएमपीची विचारणा १२५ सेकंदांपर्यंत. दहा सेकंदांत ‘शून्य आहे’ म्हणून उठलात तर निम्मं राहून जातं.

नकाराच्या कुठल्या ओळीचा आकडा लयीत वाढतोय? दर दहा सेकंदांनी एक वाढत असेल तर तो ओएसपीएफचा हॅलोच आहे. दर सेकंदाला एक असेल तर व्हीआरआरपी. त्यातला राखीव राउटर तीन सेकंदांहून जरा जास्त थांबतो आणि मग स्वतःच मास्टर होतो. लय ओळखायला शिकलात की निम्म्या वेळा पॅकेट उघडून बघायची गरज पडत नाही.

दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे काही स्विच पॅकेटं चिपमध्येच गाळतात आणि ती या आकड्यात दिसत नाहीत, तेव्हा शून्य पाहून लिस्टला निर्दोष सोडू नका. दुसरं, आकडे दिसत नाहीत म्हणून प्रत्येक ओळीला ‘लॉग’ जोडण्याचा मोह होतो. त्यानं ती पॅकेटं प्रोसेसरकडे जातात आणि छोटा राउटर गुदमरतो. एका ओळीला, पाच मिनिटांपुरतं जोडा आणि काढा.

लिस्ट मोठ्यानं वाचा

मी फोनवर समोरच्याला लिस्ट मोठ्यानं वाचायला लावतो. वाचताना चूक कानाला लागते.

पहिली चूक मास्कची. सिस्कोच्या लिस्टमध्ये सबनेट मास्क उलटा लिहायचा असतो. सगळं मल्टिकास्ट म्हणजे २२४.०.०.० आणि पुढे १५.२५५.२५५.२५५. कुणीतरी सवयीनं २४०.०.०.० लिहितो. राउटर कुरकुरत नाही, ओळ घेतो. पण तिचा अर्थ होतो ‘पहिले चार बिट काहीही असोत, उरलेले अठ्ठावीस शून्यच हवेत’. जगातले फक्त सोळा पत्ते तिला लागतात, आणि त्यातला एकही तुमच्या कामाचा नाही. गाळणी आहे असं वाटत राहतं, सगळं आत येत राहतं.

दुसरी चूक नावाची. इंटरफेसवर लिहिलंय एका नावाची लिस्ट, आणि प्रत्यक्षात ती आहे वेगळ्या स्पेलिंगनं. सिस्कोच्या राउटरवर अस्तित्वात नसलेली लिस्ट लावली की सगळं सोडलं जातं. आणि मग तुम्हाला चूक कळते, त्याच नावानं तुम्ही पहिली नकाराची ओळ टाइप करता, आणि त्या क्षणी लिस्ट जन्माला येते. तिच्या तळाशी न लिहिलेला ‘बाकी सगळं बंद’ असतोच. तुमचं स्वतःचं कनेक्शनही त्यातच जातं. हे होतं ते पलीकडच्या गावातल्या राउटरवर, पावसात, रात्री. म्हणून आधी लिस्ट काढून घ्या, पूर्ण लिहा, मग लावा. आणि लांबच्या राउटरवर काम असेल तर ‘दहा मिनिटांनी स्वतःच परत सुरू हो’ असं सांगून मगच हात घाला. सगळं नीट झालं की ते रद्द करा आणि मग सेव्ह करा. मायक्रोटिकवर यासाठी सेफ मोड आहे. त्याचा उपयोग न करणाऱ्याला मी एकदाच समजावतो.

तिसरी चूक क्रमाची. राउटर वरून खाली वाचतो आणि पहिल्या जुळणाऱ्या ओळीशी थांबतो. नकार वर आणि त्याचा अपवाद खाली असेल तर अपवाद शोभेचा.

मायक्रोटिकवाल्यांसाठी एक जादाची: नियम फॉरवर्डमध्ये टाकून ओएसपीएफ किंवा पिम अडत नाही. ती पॅकेटं राउटरसाठीच असतात, ती इनपुटमध्ये येतात.

ही सीमा कुठल्या जातीची

इथे थांबून विचार करावा लागतो, पण हत्यार लागत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे बिघाड इथेच सुटतात, कारण लिस्ट बरोबर असते आणि सीमा वेगळी असते.

इंटरनेट देणाऱ्याकडची सीमा असेल, म्हणजे पलीकडे बीजीपी (मोठी नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत) किंवा साधा डीफॉल्ट रूट, आणि मल्टिकास्टची काहीही देवाणघेवाण नाही, तर तिथे सगळं बंद चालतं. बीजीपी साध्या टीसीपीवर चालतो, त्याला मल्टिकास्ट लागत नाही. आत येताना आधी २२४ च्या पट्ट्यातला स्रोत-पत्ता असलेलं काहीही अडवा. मल्टिकास्ट पत्ता कुणाचाच स्रोत नसतो, ते पॅकेट खोटंच. मग पिम, आयजीएमपी, ओएसपीएफ नावानिशी अडवा. मग २२४ च्या पट्ट्याकडे जाणारं सगळं. मग बाकी सोडा. इंटरनेटवर सापडणाऱ्या लिस्ट या सीमेसाठी असतात.

खालच्या केबलवाल्याला फीड देणारी लिंक ही वेगळी सीमा. तिथे आत येताना आधी आयजीएमपीला परवानगी हवी: २२४.०.०.२ ला, २२४.०.०.२२ ला, आणि आपल्या चॅनलांच्या पट्ट्याला. त्यानंतर पिम, ओएसपीएफ, व्हीआरआरपी बंद. खालच्या केबलवाल्याचा राउटर आपला शेजारी व्हायचं कारण नाही. त्यानंतर २२४ चा उरलेला सगळा पट्टा बंद, कारण त्यानं आपल्या दिशेनं चॅनल ओतायचे नाहीत. मग साधी रहदारी चालू.

या क्रमात २२४.०.०.१ खालून आत येत नाही, हे मुद्दाम आहे. आयजीएमपीत ज्याचा पत्ता लहान तो विचारणारा ठरतो. खालच्यानं दुकानातून आणलेला एखादा स्वस्त राउटर विचारणा करायला लागला आणि त्याचा पत्ता आपल्यापेक्षा लहान निघाला, तर आपला राउटर मुकाट्यानं गप्प बसतो. त्याच्याकडची लाइट गेली की आपला राउटर पुन्हा विचारायला लागेपर्यंत २५५ सेकंद जातात. तोवर त्याच तारेवरच्या दुसऱ्या गावात चॅनल पडायला लागतात, आणि दोन्ही गावांचा एकमेकांशी काय संबंध हे कुणालाच कळत नाही.

स्वतःच्याच दोन राउटरांमधली लिंक ही तिसरी. तिथे मल्टिकास्टची लिस्ट लावूच नका. तिथे कुणाला अडवायचं आहे?

बाहेर जाणारं अडत नाही

आता जरा अवघड. परक्या आरपीचं प्रकरण बघू.

मालवणच्या बाजूला दोन नेटवर्कं एका लिंकनं जोडलेली होती, तात्पुरती, एका जत्रेतलं दशावतारी नाटक दोन्हीकडे दाखवायला. जत्रा संपली, लिंक राहिली. काही महिन्यांनी एकीकडचे सगळे चॅनल गेले. त्यांच्या राउटरच्या मते आरपी होता पलीकडच्या नेटवर्कातला राउटर, आणि तो नेमका आदल्या दिवशी बदलला गेला होता.

सिस्कोची ऑटो-आरपी पद्धत २२४.०.१.३९ वर ‘मी आरपी’ अशी दवंडी पिटते आणि २२४.०.१.४० वर निकाल सांगते. एकाच पट्ट्यासाठी दोन उमेदवार असतील तर मोठ्या पत्त्याचा जिंकतो. शेजाऱ्याचा पत्ता मोठा होता. हे पत्ते २२४.०.०.० च्या त्या छोट्या तुकड्यात नाहीत, त्यामुळे ते राउटर ओलांडून पुढे जातात, आणि फक्त छोटा तुकडा अडवणारी लिस्ट त्यांना अडवत नाही.

त्यांच्या माणसानं बाहेर जाणाऱ्या दिशेला लिस्ट लावली होती, आणि ती बरोबर लिहिलेली होती. पण सिस्कोवर बाहेरच्या दिशेची लिस्ट राउटरनं स्वतः तयार केलेल्या पॅकेटांना लागत नाही. दुसऱ्याकडून आलेलं पुढे जाताना अडतं, स्वतःचं बोलणं अडत नाही. पिमचे हॅलो, आयजीएमपीच्या विचारणा, स्वतःच्या आरपीची दवंडी हे सगळं राउटरचं स्वतःचं बोलणं. ते अडवायचं तर समोरच्यानं आत येताना अडवायला हवं, किंवा आपल्या राउटरनं तोंडच उघडू नये असं करायला हवं.

दुसरं सोपं आहे. त्या इंटरफेसवर पिमच बंद करा. मल्टिकास्टची देवाणघेवाण नसेल तर पिम तिथे कशाला हवं? जत्रेच्या लिंकवर मी तेवढंच केलं.

देवाणघेवाण हवी असेल तर मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात. मल्टिकास्टची हद्द, म्हणजे ‘मल्टिकास्ट बाउंड्री’, लावून २२४.०.१.३९, २२४.०.१.४० आणि २३९ चा खाजगी पट्टा अडवा, बाकी सोडा. २३९ चा पट्टा १९९८ पासून आपापल्या संस्थेपुरता राखलेला आहे, घरातल्या भांड्यांसारखा. पण आपले चॅनलच २३९ वर असतील आणि तेच शेजाऱ्याला द्यायचे असतील, तर तेवढ्या चॅनलांचा अपवाद वर लिहा, नाहीतर हद्द लावल्या क्षणी त्याचा टीव्ही जाईल. दुसरं, बीएसआर (आरपी ठरवायची दुसरी पद्धत) वापरत असाल तर त्याची हद्द वेगळ्या आदेशानं लावावी लागते; त्याचा निरोप पिमच्याच पोटातून एकेक राउटर करत जातो, बाउंड्रीच्या लिस्टला तो दिसत नाही. तिसरं, पिमचे शेजारी कोण असू शकतात त्यांची यादी लावा.

एमएसडीपीनं (कुठला चॅनल कुठून येतोय ही बातमी नेटवर्कांत वाटणारी पद्धत) वरच्या कुणाशी जोडलेले असाल तर त्याचीही गाळणी हवी. २००१ च्या जानेवारीत रामेन नावाचा वर्म (स्वतःच पसरणारा व्हायरस) मल्टिकास्टच्या पत्त्यांवरही चाचपडत सुटला, आणि प्रत्येक चाचपणीची बातमी एमएसडीपीनं जगभर पोचवली. राउटर त्या बातम्यांनीच वाकले. आपल्याकडच्या केबलवाल्याला एमएसडीपी लागत नाही. कुणी लावून ठेवला असेल तर आधी विचारा, कशासाठी.

लिस्ट बरोबर आहे, तरी सगळीकडे पूर

कधी सगळं तपासून होतं आणि तरी एका स्विचच्या सगळ्या पोर्टांवर एखादा चॅनल ओसंडत असतो. मग चॅनलचा पत्ता बघा. मल्टिकास्टचा पत्ता मॅक पत्त्यात उतरवताना शेवटचे तेवीस बिटच उतरतात, त्यामुळे बत्तीस पत्त्यांचा एकच मॅक होतो. २३९.०.०.५ या चॅनलचा मॅक आणि ओएसपीएफच्या २२४.०.०.५ चा मॅक एकच. स्विच राउटरांची बोलणी कधी रोखत नाही, सगळ्या पोर्टांवर सोडतो; तुमचा चॅनल त्या बोलण्याचाच वेष घेऊन फिरतो. २३९.०.०, २३९.१२८.०, २२५.०.० यांनी सुरू होणारे पत्ते चॅनलांना देऊ नका. २३९.१०.१ पासून सुरू करा. चॅनलांचे पत्ते बदलणं म्हणजे हेडएंडपासून (जिथून चॅनल निघतात) बॉक्सपर्यंत सगळं बदलणं, म्हणून हे शेवटी ठेवलंय.

आयपीव्ही६ असेल तर एकच सांगतो: ‘मल्टिकास्ट बंद’ हा नियम तिथे उचलून नेऊ नका. तिथे शेजाऱ्याचा मॅक शोधणंही मल्टिकास्टनंच होतं. बंद केलं की त्या तारेवर आयपीव्ही६ मरतं.

इथे थांबा

खालच्यापैकी काही असेल तर हात मागे घ्या आणि नेटवर्कच्या जाणकाराला बोलवा.

राउटरचा प्रोसेसर सतत नव्वद टक्क्यांवर असेल. कंट्रोल प्लेनवर, म्हणजे राउटरच्या स्वतःच्या बोलण्यावर, मर्यादा घालणं हे चुकलं तर राउटर स्वतःचे रूटही ऐकत नाही. चालू राउटरवर सगळ्या पॅकेटांचं डीबग लावू नका. असा राउटर मी बंद करून चालू करतानाच पाहिलाय.

दोन मास्टरचं लक्षण दवाखान्याच्या किंवा बँकेच्या नेटवर्कात असेल. तिथे प्रयोग नाहीत. एक राउटर शांतपणे बाजूला काढा आणि फोन लावा.

सीमेपलीकडचा राउटर तुमचा नसेल. तुमच्याकडे काय आत येतं ते तुम्ही अडवू शकता, तो काय बोलतो ते नाही. ते बोलणं दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून ठरवायचं असतं.

आणि शोध घेत घेत खांबापर्यंत पोचलात तर. फायबर विजेच्या खांबावरून गेलेलं असतं, पावसात खांब ओला असतो. तिथे आपलं काम नाही.

मला किंवा कुणालाही फोन करण्याआधी तीन गोष्टी जवळ ठेवा: काळं पडायला लागलेले सेकंद, शून्यावर आणल्यानंतर सव्वादोन मिनिटांनी काढलेला काउंटरचा फोटो, आणि लाइट शेवटची कधी गेली ती वेळ. फोटो सरळ धरून काढा. स्क्रीनवर ट्यूबलाइट चमकली की तिसरी ओळ नेमकी वाचता येत नाही, आणि चूक तिथेच असते.